कसारा घाटात चढती मालगाडी: बघायचं काय आणि ऐकायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: कसारा घाटात भरलेली मालगाडी चढताना बघायला जायचं आहे, तिच्या मागे दोन-तीन इंजिनं का लावतात, सगळी पुढेच का जोडत नाहीत, आणि तिथे उभं राहिल्यावर नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

ताकद कमी पडते म्हणून मागे इंजिनं लावतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. आजच्या इंजिनांची अश्वशक्ती घाटात पुरून उरते. कमी पडते ती चाकाची रुळावरची पकड, आणि सगळी इंजिनं पुढे लावली तर सगळ्यांत आधी जीव जातो तो पहिल्या वॅगनच्या कपलरचा, म्हणजे डबे जोडणाऱ्या जोडाचा. पुढच्या इंजिनाचे फोटो जरूर काढा, पण घाटाचा खरा खेळ जोडांमध्ये आणि गाडीच्या शेपटाकडे चालतो.

आधी घाट समजून घेऊ. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ साली वाहतुकीला खुला झाला. बांधला तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे १५ किलोमीटरमध्ये तो ९७२ फूट, म्हणजे जवळपास २९६ मीटर चढतो. सरासरी काढली तर चढ ५० ला १ येतो, पण सरासरीवर गाडी चालत नाही. कठीण भागात तो ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेच्या हिशेबात तो देशातल्या ब्रॉडगेज मुख्य मार्गांवरच्या सगळ्यात तीव्र चढांपैकी एक आहे. कर्जत-लोणावळ्याच्या बोर घाटातही ३७ ला १ चढ आहे. तो घाट जास्त लांब, सुमारे २५ किलोमीटरचा, आणि उंचीही जवळपास दुप्पट. गोव्यातल्या कुळे ते कॅसलरॉक या ब्रागांझा घाटातही तेच प्रमाण सापडेल. नवख्या माणसाचा गोंधळ उडतो तो ‘अप’ आणि ‘डाऊन’ने. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन. त्यामुळे या दोन्ही घाटांत चढणाऱ्या गाडीला डाऊन म्हणतात आणि उतरणारीला अप. दोन्ही घाटांत तिसरी, म्हणजे मिडल लाइनही आहे.

आता हिशेब, कारण हा हिशेब डोक्यात असला की समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. समजा ४,००० टनांचा भरलेला रेक, म्हणजे वॅगनची अख्खी माळ, आहे. पुढे दोन आणि मागे तीन इंजिनं, प्रत्येकी १२३ टनांची डब्ल्यूएजी-७, म्हणजे मालगाड्यांसाठीची विजेवरची इंजिनं. सगळं मिळून सुमारे ४,६०० टन. सपाट रुळावर एवढी गाडी हळू वेगात नुसती चालती ठेवायला टनामागे दोनेक किलो ओढ लागते, म्हणजे एकूण नऊ-दहा टन. ३७ ला १ चढावर मात्र टनामागे आणखी २७ किलो मोजावे लागतात. वळणांचा विरोध धरला की आकडा जातो १३८ टनांच्या आसपास. सपाटीवर एक इंजिन आळसात ओढील ती गाडी इथे चौदापट जड होते. पाच इंजिनांत वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसत्तावीस टन ओढ आली.

आता अश्वशक्ती बघा. ताशी ३० किलोमीटरने ही गाडी चढवायला प्रत्येक इंजिनाला साधारण ३,००० अश्वशक्ती द्यावी लागते. डब्ल्यूएजी-७ ची क्षमता ५,००० ची आहे. म्हणजे ताकद शिल्लक आहे. पण साडेसत्तावीस टन ओढ १२३ टनांच्या इंजिनाने द्यायची म्हणजे वजनाच्या २२ टक्के पकड रुळावर मिळायला हवी. कोरड्या, स्वच्छ रुळावर ३० टक्क्यांपर्यंत मिळते, कधी त्याहून जास्त. ओल्या रुळावर ती २० च्या खाली येते, आणि रुळावर तेलाचा, पाल्याचा किंवा शेवाळाचा थर असेल तर आणखी घसरते. पाचांपैकी एक इंजिन वाटेत बंद पडलं तर उरलेल्या चौघांना २८ टक्के पकड लागते. जानेवारीत हे कसंबसं निभावेल. जुलैत नाही. घाटात किती लोडला किती बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, हे कागदावर आधीच ठरलेलं असतं आणि स्टेशनवर त्यावर घासाघीस होत नाही, त्याचं कारण हे आकडे आहेत.

मग तेवढीच इंजिनं पुढे का नकोत? कारण तसं केलं तर चार हजार टनांच्या रेकला वर न्यायला लागणारी सगळी, म्हणजे १२० टनांच्या घरातली ओढ पहिल्याच कपलरमधून जाणार. हा झाला सुरळीत चालीतला भार. एक झटका बसला की तो क्षणभरासाठी कितीतरी वाढतो. मालगाडीच्या सेंटर बफर कपलरमध्ये जो हाताच्या पंजासारखा वळणारा तुकडा असतो त्याला नकल म्हणतात, आणि मुळात कपलरच्या धडापेक्षा तोच आधी तुटावा अशी त्याची रचना असते, कारण साधारण ३५-४० किलोंचा नकल दोन माणसं जागेवर बदलू शकतात. धड तुटलं तर वॅगनच कामातून गेली. तीन इंजिनं मागे नेली की पुढच्या कपलरवर ४८ टन ओढ उरते आणि शेवटच्या कपलरवर ७२ टन रेटा येतो. गाडीच्या मध्ये कुठेतरी एक जोड असा असतो की ज्याच्यावर ना ओढ ना रेटा. ४५ वॅगनचा रेक असेल तर आपल्या उदाहरणात तो पुढून अठराव्या वॅगनच्या आसपास. त्याच्या पुढची गाडी ताणलेली, मागची दाबलेली.

हा तटस्थ जोड एका जागी स्थिर नसतो. पुढच्या चालकाने नॉच (जोराची पायरी) कमी केला की तो पुढे सरकतो, मागच्याने कमी केला की मागे. सरकताना मधल्या प्रत्येक जोडातली ढिलाई एकदा उघडते किंवा मिटते. पूर्ण रेकमध्ये ही ढिलाई काही मीटरची असते. तुम्ही गाडीच्या मध्यावर कुठे उभे असाल तर ‘खड्-खड्-खड्’ असा आवाज एका टोकाकडून दुसरीकडे पळत गेलेला ऐकू येईल. आवाज सौम्य आणि सलग असेल तर दोन्ही टोकांचे लोको पायलट एकमेकांना धरून चालवत आहेत असं समजा. मध्येच एखादा दणका आला तर कोणीतरी घाई केली.

रेट्यालाही मर्यादा आहे. तीव्र वळणावर मागून जास्त जोर लावला तर दाबलेल्या भागातली हलकी वॅगन वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, चाकाची कड रुळावर चढते आणि वॅगन उतरते. भरलेली वॅगन वजनाने जागेवर बसून राहते. रिकामी वॅगन किंवा रिकामा कंटेनर नेणारी फ्लॅट वॅगन बसत नाही. रिकाम्या रेकला मागून भरमसाट जोर लावणं हे भरलेल्याला कमी लावण्यापेक्षा धोक्याचं, हे बाहेरच्याला उलटं वाटतं. पण बँकरवरच्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

बघण्यासारखा पहिला टप्पा कसारा स्टेशनातच आहे, आणि तो फलाटावरून, कुठलाही नियम न मोडता बघता येतो. गाडी येऊन उभी राहते. बँकर मागून हळूहळू येतात, थोडं अंतर ठेवून थांबतात आणि मग माणसाच्या चालीनेच शेवटच्या डब्याला टेकतात. नकल मिटतो, आतला लॉक खाली पडतो. पॉइंट्समन वाकून लॉक पूर्ण बसला का ते बघतो आणि बँकर हलकेच मागे ओढून जोड धरतो की नाही याची परीक्षा घेतात. ही परीक्षा दोन सेकंदांची आहे, चुकवू नका. मग ब्रेक पाईपचा होज, म्हणजे रबरी नळी, जोडला जातो. हिरव्या रंगाचा तो ब्रेक पाईप, पांढरा असेल तो फीड पाईप. अँगल कॉक, म्हणजे पाईपच्या टोकाची तोटी, उघडला की हवेचा फुस्कारा येतो.

त्यानंतर काही मिनिटं वरवर काहीच घडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम तेव्हाच होतं. ब्रेक पाईपमध्ये पुढे ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो. सहाशे-सातशे मीटर मागे शेवटच्या डब्यात तो निदान ४.७ ते ४.८ दिसायला हवा. मग मागून दाब पाडून पुढच्या गेजवर तो पडलेला दिसतो का ते बघतात. याला कंटिन्युइटी टेस्ट म्हणतात. मधला एखादा अँगल कॉक बंद राहिला असेल तर पुढच्या चालकाला आपल्या गेजवर ५ किलो छान दिसत राहतात आणि मागची अर्धी गाडी ब्रेकविना असते. सपाटीवर हे महागात पडतं, घाटात त्याचा शेवट अपघातात होतो.

बँकरमध्ये आणखी एक गोष्ट करतात जी बाहेरून दिसत नाही. तिथला गाडीचा ब्रेक व्हॉल्व्ह, म्हणजे ए-९, बंद ठेवतात. तो चालू राहिला तर पुढच्याने ब्रेक लावायला पाईपमधला दाब कमी केला की मागचं इंजिन हवा भरून तो दाब पुन्हा वर आणायला लागेल, आणि ब्रेक लागणारच नाहीत. ब्रेकची सत्ता एकाच हातात, पुढे. मागच्या माणसाकडे राहतो तो जोर, आणि अगदीच वेळ आली तर आणीबाणीचा ब्रेक.

सिग्नल मिळाला की पुढून एक छोटी शिट्टी येते आणि मागून तिला तशीच एक छोटी शिट्टी उत्तर देते. अर्थ एवढाच की मी निघायला तयार, मीही तयार. आता वॉकी-टॉकी आहेत, बोलणं त्यावरच होतं, पण शिट्टीचा संकेत सुटलेला नाही. दोन शिट्ट्यांमधलं अंतर आणि आवाजाची दिशा यांवरून गाडीची लांबी डोळे मिटून कळते.

निघताना दोन्ही टोकांनी जोर कसा वाढवायचा हे घाट चालवणाऱ्याचं खरं कसब. सपाटीवर चालक आधी ब्रेक सोडतो, मग नॉच घेतो. चढावर उभी राहिलेली गाडी सोडताना तसं चालत नाही. ब्रेक पाईपमध्ये हवा पुढून भरत जाते, त्यामुळे पुढच्या वॅगनचे ब्रेक आधी सुटतात आणि मागचे बऱ्याच उशिरा. मागच्या वॅगनचे ब्रेक सुटण्याआधीच बँकरने रेटा धरून ठेवलेला हवा. नाहीतर सुटलेल्या वॅगन वजनाने मागे येतात, बँकरवर आदळतात आणि त्या धक्क्याने मध्ये कुठेतरी ताणलेला जोड तुटतो. घाटाच्या मध्ये सिग्नलला थांबून पुन्हा निघणारी गाडी बघायला मिळाली तर सुरुवातीचं एक मिनिट सोडू नका. चाकं हलण्याआधी मागच्या इंजिनांचा आवाज चढतो, क्षणभर वाटतं की काहीच होत नाहीये, आणि मग एका टोकापासून गाडी इंच-इंच सरकू लागते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण घाटात धुकं आणि झाडी यांमुळे गाडी दिसण्याआधी ऐकूच येते. डब्ल्यूएजी-७ मध्ये ट्रान्सफॉर्मरवरचा टॅप चेंजर, म्हणजे मोटरींना मिळणारा विजेचा दाब पायरीपायरीने बदलणारा भाग, ३२ नॉचचा असतो. नॉच चढताना होणारा बारीक ठोका जवळ असल्यास ऐकू येतो, त्यावर मोटरी थंड ठेवणाऱ्या ब्लोअरची सलग घरघर. या इंजिनातल्या हिताची कंपनीच्या ट्रॅक्शन मोटरला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या मोटरला, सतत पेलवणारा प्रवाह ९०० अँपिअर. चढावर हळू चाल आणि जास्त ओढ म्हणजे प्रवाह जास्त, हवा तेवढीच, आणि मोटर तापत जाते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मोटरींना घाटात खूप हळू चालवणंच धोक्याचं, आणि चाकं न फिरता प्रवाह देत राहणं तर कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारं तांब्याचं कडं, जाळून टाकतं. थ्री-फेज इंजिनांची, म्हणजे डब्ल्यूएजी-९ ची गोष्ट वेगळी. त्यांचा निघतानाचा आवाज पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या सुरासारखा असतो, मोटरींना कम्युटेटरच नसतो, आणि चाक घसरू लागलं की नियंत्रक स्वतःच त्या मोटरचा जोर सेकंदाच्या आत कमी करून पुन्हा देतो. १२,००० अश्वशक्तीच्या, दोन भाग जोडून केलेल्या, १८० टनांच्या डब्ल्यूएजी-१२ चं कौतुक फार होतं. घाटापुरतं बोलायचं तर मला तिच्या अश्वशक्तीपेक्षा ते १८० टन महत्त्वाचे वाटतात.

चाक घसरलं की कसं ओळखायचं? सलग घरघरीत मध्येच आवाजाचा सूर सर्रकन वर जातो, कधी रुळावरून कर्कश किंकाळी येते, आणि लगेच सूर खाली येतो, कारण चालकाने नॉच टाकला आणि चाकाखाली वाळू सोडली. ही वाळू कोरडी आणि बारीक लागते. पावसाळ्यात ती पेटीत ओली होऊन नळीत अडकते आणि नेमकी गरजेला पडत नाही, म्हणून वाळूच्या नळ्या बघितल्याशिवाय जाणता चालक घाटात इंजिन नेत नाही. जोराच्या पावसापेक्षा पहिली रिमझिम वाईट. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. रिमझिमीत धूळ, ग्रीस आणि पाणी यांचा नुसता लेप होतो. पहाटेचं दव तेच करतं. आणि बोगदे तर भर उन्हाळ्यातही झिरपून ओलेच असतात. पुढची दोन इंजिनं बोगद्यात ओल्या रुळावर असतात तेव्हा मागची तीन बाहेर कोरड्यावर असतात, आणि गाडी पुढे सरकली की उलट. पाचही इंजिनांची पकड एकदम जात नाही, हा मागे इंजिनं लावण्याचा कमी बोलला जाणारा फायदा. बोगद्याच्या तोंडाशी गाडी चढताना ऐकाल तर पुढचा सूर डळमळतो आणि मागचा स्थिर राहतो.

घसरलेलं चाक तसंच फिरवत ठेवलं तर रुळाच्या माथ्यावर खळगा पडतो. त्याला व्हील बर्न म्हणतात. गाडी अडकली ती एकदा, खळग्याचे हादरे मात्र रूळ बदलेपर्यंत प्रत्येक गाडीला बसतात.

वीज हा आणखी एक अडथळा. आता घाटात २५ किलोव्होल्ट एसी आहे. पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होती आणि तीही १९२९-३० पासून. ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-१ इंजिनं याच घाटांसाठी आणली होती. त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बघायला मिळतं. नंतर बरीच वर्षं चित्तरंजनची डब्ल्यूसीजी-२ बँकर म्हणून राबली. एसी झाल्यावर तारेतला प्रवाह खूप कमी झाला, तरी आपल्या उदाहरणातली पाच इंजिनं मिळून २५ किलोव्होल्टवर ६०० अँपिअरच्या वर घेतात. त्याच भागात दुसरी गाडीही चढत असेल तर तारेतला दाब खाली येतो, आणि १९ किलोव्होल्टच्या जवळ पोचला की इंजिनं हात आखडतात. चालक शर्थ करत असतो आणि गाडी मंदावतच जाते, त्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं. वाटेत न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेचा बिनविजेचा तुकडा, असेल तर पुढच्याला मेन ब्रेकर, म्हणजे डीजे, उघडून बिनविजेचं पुढे जावं लागतं आणि तेवढा वेळ सगळा भार मागच्यांवर. मागची तिथे येतात तेव्हा भार पुढच्यांवर. तटस्थ जोड त्या दीड-दोन मिनिटांत जवळपास सगळी गाडी फिरून येतो. उंचीपुरतंच म्हणाल तर ४,६०० टन २९६ मीटर वर चढवायला सुमारे ३,७०० युनिट वीज लागते, बाकीचे खर्च वेगळे.

जोड तुटला तर काय होतं? होज सुटतो, पाईपमधली हवा जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. मागच्या तुकड्याखाली बँकर उभे असतात, म्हणून तो मागे पळत नाही. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर वॅगन चढावर फार वेळ ठेवणं सुरक्षित नसतं, कारण सिलिंडरमधली हवा हळूहळू झिरपते. त्यामुळे पहिलं काम वॅगनचे हँडब्रेक आवळणं आणि चाकांखाली गुटके ठोकणं. मग तुटलेला नकल शोधायचा, पिन काढायची, नवा बसवायचा, पुढचा तुकडा माणसाच्या इशाऱ्यावर मागे घेऊन जोडायचा, पाईप जोडायचा, दाब भरायचा, पुन्हा कंटिन्युइटी. पावसात, गिट्टीवर, एका बाजूला दरी असताना. तासभर सहज जातो आणि तोवर मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात.

ब्रेक बाइंडिंग हा त्याहून नेहमीचा दोष. एखाद्या वॅगनचे ब्रेक सुटतच नाहीत, ब्लॉक चाकाला घासत राहतात. चढणाऱ्या गाडीत ब्रेक लावलेले नसताना एकाच वॅगनखालून निळसर धूर आणि जळका वास आला तर तेच समजा. उतरणाऱ्या गाडीत मात्र थोडाफार तसा वास स्वाभाविक.

उतरणाऱ्या गाडीचा विषय वेगळ्या उत्तराचा, पण घाटात गेल्यावर ती दिसणारच, म्हणून एक गोष्ट. उताराच्या मार्गावर मध्येच चढावर नेऊन संपवलेला एक आंधळा फाटा दिसेल. तो कॅच सायडिंग. स्टेशनकडे येणारा उतार ८० ला १ पेक्षा तीव्र असला की तो ठेवावा लागतो, आणि स्टेशनपासून दूर जाणारा उतार १०० ला १ पेक्षा तीव्र असला की स्लिप सायडिंग. कॅच सायडिंगचे सांधे, म्हणजे मार्ग बदलणारे रूळ, नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्यावरच मुख्य रूळ मिळतो. बोर घाटात खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी इथे उतरणाऱ्या गाड्या विनाकारण थांबल्यासारख्या वाटतात, त्या ब्रेकच्या खात्रीसाठी.

वर पोचण्याचा क्षण गाफील करणारा. पुढची इंजिनं इगतपुरीच्या कमी चढावर येतात, त्यांची चाल वाढू लागते, आणि रेकचा मोठा भाग अजून ३७ ला १ वर लटकलेला असतो. पुढच्याने तेव्हा उत्साहात जोर वाढवला तर नकल इथेच तुटतो. मागच्याने लवकर हात काढला तरी तेच. पुढच्याने आवरायचं, मागच्याने शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत रेटत राहायचं. थांबल्यावर दोन्ही अँगल कॉक बंद, होज सोडून, नकल उघडून बँकर मागे हटतात, आणि शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी लागते. तोवर गाडीचं शेपूट बँकर होते. पाटी न लावता गाडी पुढे गेली तर पुढचं स्टेशन ती अर्धवट आली असं धरेल आणि लाइन मोकळी देणार नाही.

प्रवासी गाड्यांचं चित्र बदलतंय. मुंबई-दिल्ली राजधानी २०१९ पासून कसाऱ्यामार्गे दोन्ही टोकांना इंजिन लावून, बँकरविना चढते. २०२३ पासून इथून शिर्डीची आणि बोर घाटातून सोलापूरची वंदे भारतही बँकरविना चढते, कारण त्यांच्या मोटरी गाडीभर वाटलेल्या आहेत. बँकर जोडायचा वेळ वाचला, ठीक. पण कर्जतला वडा खायला जी चार-पाच मिनिटं मिळायची ती या बँकरच्याच कृपेने, हेही लक्षात असू द्या. मालगाडीला मात्र या चढावर पर्याय नाही. १०० ला १ चढाचा नवा मार्ग मिळाला तरच टनामागचे २७ किलो १० वर येतील.

जायचं कुठे? कसारा स्टेशनचा फलाट सर्वांत चांगला, जोडणी आणि सुटणं दोन्ही तिथे दिसतं. नाशिककडे जाणाऱ्या गाडीत शेवटच्या डब्यात जागा मिळाली तर बँकरचा आवाज अंगावर येतो, आणि तीन मार्ग असल्याने वाटेत शेजारून चढणारी मालगाडी ओलांडण्याची संधीही. एहेगावचा उंच पूल गाडीतून नीट दिसत नाही, वळणावर बाहेर बघितलं तरच. मुंबई-नाशिक रस्त्यावर घाटात कडेला गाडी लावू नका, तिथली वळणं थांबण्याची नाहीत. रुळांवर, बोगद्यांत, पुलांवर तर अजिबात जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि उतरणारी गाडी चढणारीच्या आवाजात ऐकू येत नाही हे त्याहून मोठं कारण.

मालगाडीला छापील वेळापत्रक नसतं आणि मोबाइलवरच्या प्रवासी ॲपवर ती दिसत नाही. एक्सप्रेस गाड्यांची गर्दी ओसरलेली दुपार बरी. प्रवासी गाडीची घोषणा झालेली नसताना सायडिंगमधले तीन बँकर पँटो (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) वर करून पुढे येऊ लागले, तर पंधरा-वीस मिनिटांत मालगाडी येतेय असं समजून फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जाऊन उभे राहा.